साडेतीन सेकंदांचं वळण

दि. ६ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तीन महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं, काठी सुटली, जिना उतरायला लागलास, हे सगळं आईकडून कळत होतं. फोन केला असता तर तू मला हसवलं असतंस आणि मुद्दा राहून गेला असता. म्हणून पत्र.

पहिलं काम आईचं. एक तारखेला तू पुन्हा महामार्गाच्या बचावगाडीवर रुजू होणार, याने तिची झोप उडाली आहे. तुझ्या साहेबांनी कंट्रोल रूममधली खुर्ची देऊ केली आहे, ती तू घ्यावीस आणि ते तुझ्या गळी उतरवायचं काम मोठी बहीण म्हणून मी करावं, असं तिने ठरवलंय. तू लहानपणापासून माझं ऐकतोस, असा तिचा समज आहे. ऐकून घेऊन आपलंच खरं करायचास, हे तिला मी कधी सांगितलं नाही.

या पत्राचे चार मसुदे केले आणि फाडले. कारण ऐक.

बारा डिसेंबरला सकाळी परीक्षेच्या देखरेखीसाठी कॉलेजला निघाले होते. उशीर झाला होता. पेट्रोलपंपाच्या पुढच्या वळणावर माझ्यासमोर एक ट्रेलर होता. तो एकदम शेजारच्या लेनमध्ये गेला आणि पुढ्यात एक नारिंगी कोन, त्यामागे लुकलुकणारे दिवे, तुमच्यासारखी बचावगाडी आणि उलटी पडलेली एक मोटार. माझी नजर त्या उलट्या मोटारीवर खिळली. नजर परत समोर आणली तेव्हा हातात दोन कोन घेतलेला, नारिंगी जाकिटातला माणूस माझ्या दिव्यासमोर होता. त्याने बाजूच्या चरात उडी मारली म्हणून वाचला. आरशात तो उठून उभा राहिलेला दिसला. त्याने हात वर केला. ती शिवी होती की ठीक असल्याची खूण, याचं उत्तर मी तीन महिने सोयीप्रमाणे बदलत आले आहे.

मी थांबले नाही. परीक्षा होती, हे खरं. पण थांबले असते तर त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, हे जास्त खरं.

ऑक्टोबरात तुला उडवून जी गाडी निघून गेली, तिच्या चालकाला मी तुझ्या खाटेशी बसून काय काय बोलले होते, आठवतं? आता कोणत्या तोंडाने तुला सांगू, की असले लोक गाड्या चालवतात म्हणून रस्ता सोड?

रागावलास तरी चालेल. गप्प मात्र बसू नकोस.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिले दोन दिवस तुझं तोंड पाहू नये असं वाटत होतं, आणि पत्राला तोंड नसतं हे बरं. तिसऱ्या दिवशी चौकीवर गेलो आणि बारा डिसेंबरची नोंदवही काढली.

तो आमचा मास्तर होता. नव्यांना शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात, शाळेत स्वतः फार टिकला नव्हता. कोपराचं सालटं गेलं, बाकी धडधाकट आहे. हात वर केला होता तो कशासाठी, हे मी सहज विचारल्यासारखं विचारलं. शिवी होती. तेव्हा तुझा तो प्रश्न निकालात निघाला. चौकीवर तुझ्या निळ्या गाडीवरून तुझं नाव ‘निळी महामाया’ पडलंय. ती माझी सख्खी बहीण आहे हे सांगायची हिंमत मला झाली नाही, म्हणजे भित्रेपणात आपण दोघं सारखेच.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू म्हणतेस, कोन आणि गाडी एकदमच दिसली. मास्तर शपथेवर सांगतो, की पहिला कोन त्याने नेहमीप्रमाणे शंभर पावलं मागे ठेवला होता. मीही तसाच ठेवतो, सगळ्यांना तसंच शिकवलंय. मग तुला तो आधी का दिसला नाही? तू नीट आठव. कुठे असताना काय दिसलं, तेवढंच लिही. रडारड वगळ, चूक वगळू नकोस.

खुर्चीचं म्हणशील, तर आईला सांग की विचार चाललाय. तो खोटा नाही. पाय बरा आहे, पण रस्त्यावर मागून गाडी गेली की खांदा कानाला चिकटतो. मला भीती वाटते, ताई. हे फक्त तुला.

तुझा,
बारक्या


दि. १९ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद, वि. वि.

आठवणीवर माझा विश्वास नाही, म्हणून रविवारी आम्ही दोघं त्या वळणावर गेलो. गाडी तुझे भावोजी चालवत होते, मी हातात घड्याळ घेऊन शेजारी. आधी दूर गाडी लावून, कठड्याच्या बाहेरून चालत, उलट्या मोटारीच्या जागेपासून शंभर पावलं मागे मोजली. शंभरावं पाऊल वळणाच्या ऐन पोटात पडतं. अलीकडून येणाऱ्याला ते दिसतच नाही. मग गाडीतून. त्या सकाळच्या वेगाने कोन दिसल्यापासून मास्तर उभा होता तिथवर साडेतीन सेकंद. तीनदा मोजलं. तेवढ्यात मला पाय ब्रेकवर ठेवता आला असता, गाडी थांबवता आली नसती. भावोजींना सुरुवातीला वाटलं, मला वेड लागलं. तिसऱ्या फेरीनंतर घरी येईस्तोवर ते स्वतःच सावकाश चालवत होते.

पण वळणाच्या पदराआड मला लपू देऊ नकोस. पाटीवर साठ लिहिलंय आणि मी ऐंशीने जात होते. साठने गेले असते तर साडेचार सेकंद मिळतात, चाळीसने जवळजवळ सात. शिवाय मी बघत बसले. नजर जिकडे गेली तिकडे गाडी सरकली, हे मला अजून हातांत जाणवतं.

तुझ्या खांद्याबद्दल. धीट हो असं मी म्हणणार नाही. मी स्वतः त्या वळणावर कठड्यामागे उभी असताना दोन ट्रक गेले, तर मी नकळत दोन पावलं मागे सरले. तिथे रोज उभं राहणं काय असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

प्रकृतीला जप आणि आहे तसं लिही.

तुझी,
ताई


दि. २७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातला वळणाचा हिशेब उतरवून, कॉलेजातल्या एका बाईंचा म्हणून, साहेबांना दाखवला. त्यांनी तो एकदा मनात वाचला, एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने. आम्ही सगळं पावलांत मोजतो, कारण आम्ही चालत असतो. समोरचा सेकंदांत येतो, हे एकाच्याही डोक्यात नव्हतं. आणि मजा म्हणजे सुट्टीच्या दिवशी आम्हीही गाड्याच चालवतो!

साहेबांनी सगळ्यांना जीपमध्ये कोंबून त्या वळणावरून पाच वेळा नेलं. मास्तर फुगून बसला होता. बावीस वर्षांची शंभर पावलं कोणी कॉलेजवाली मोडीत काढते म्हणजे काय, म्हणाला. चौथ्या फेरीला गाडी थांबवायला लावली, जीपमधला एक कोन काढला, चालत वळण ओलांडून अलीकडच्या सरळ रस्त्यावर नेऊन ठेवला आणि परत येऊन बसला. तोच आता नियम झाला. वळण किंवा चढ असला की पहिला कोन त्याच्या अलीकडे, आणि तिथे कठड्याबाहेर झेंडा घेऊन एक माणूस, तोंड गाड्यांकडे. त्याची नजर दुसरीकडे वळायची नाही.

परवा तिथेच एका टेम्पोचं टायर फुटलं. मी कामावर नाही, तरी झेंडा मागून घेतला. बहुतेक गाड्या सावकाश झाल्या, आमच्या शेजारची लेन रिकामी सोडून पलीकडून गेल्या. काही तशाच सुसाट. त्यांच्यासाठी आम्हाला अजून सावधच राहावं लागेल. माझा खांदा वर गेला, पण कानापर्यंत नाही.

मास्तरला सांगितलं, निळी महामाया कोण ते. त्या दिवशी त्याने तुझ्या खानदानाचा उद्धार केला होता, त्यातला माझा हिस्सा परत घेतो म्हणाला. तुझा तसाच राहू देणार आहे, शनिवारपर्यंत. शनिवारी नव्यांचा वर्ग असतो, तिथे येऊन चाकामागून काय दिसतं ते तू सांगावंस, असा त्याचा निरोप आहे. निरोप कसला, हुकूम.

खुर्ची मी नाकारली. एक तारखेला रस्त्यावर रुजू होतोय, पहिल्या कोनावर. आईशी अजून बोललो नाही. तिला वाटतंय, तू मला समजावते आहेस.

तुझा आशीर्वाद असू दे, ओरडलीस तरी.

बारक्या


दि. ३० मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद, वि. वि.

पत्र दारातच, चपलाही न काढता वाचलं. खरं सांगते, अर्ध्या मनाला वाटत होतं, घेईल खुर्ची. तुझ्यापासून हे लपवून ठेवलं तर पुन्हा तीन महिने लिहिता यायचं नाही. पण ते अर्धं मन माझं आहे, ते मीच सांभाळीन. तू पहिल्या कोनावर उभा राहा.

शनिवारी येते. वर्गात शिकवायला मी कधी घाबरले नाही, पण मास्तरसमोर काय बोलायचं हे दोनदा लिहून काढलं आणि दोन्ही वेळा सुरुवातच सारवासारव केल्यासारखी झाली. आता ठरवलंय, आधी त्याची माफी मागायची, मग उरलेलं.

हल्ली अर्धा तास लवकर निघते. काल एक लॉरी कडेला उभी होती, चालक चाक बदलत होता. मी वेग कमी करून पलीकडच्या लेनमध्ये गेले. मागच्याने हॉर्न वाजवून जीव खाल्ला. खाऊ दिला.

संध्याकाळी आईचा फोन होता, तू कबूल झालास का विचारायला. तिचा आवाज इतका आशेचा होता, की मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. सेहेचाळिसाव्या वर्षी ही थाप! तिला वाटतंय, मी तुला वाचवते आहे.

माया आहेच, ती पुरवून पुरवून खर्च करू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. उद्याचं काम : सकाळी आईकडे जाऊन समोर बसून सांगणं, की बारक्या रस्त्यावर परत चाललाय, मी त्याला अडवलं नाही, आणि का अडवू शकले नाही.