आज घराच्या कर्जावर सही नको

सूनबाई,

घराच्या कर्जाचा माणूस आज कागद घेऊन येईल. त्याला चहा दे, पण सही देऊ नकोस. एवढं मी ठामपणे सांगतो.

क्रेडिट रिपोर्टमध्ये थकलेलं दिसतंय ते कर्ज आमच्या चिरंजीवांचं नाही, माझं आहे. ज्ञानकोशाचे खंड मी हप्त्यांवर घेतले, तेव्हा माझ्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून अर्जात त्याचा नंबर टाकला. ते कर्ज कधीच फिटलं, पण नोंद त्याच्या नावावर जाऊन बसली. "मला काही माहीत नाही" असं तो काल तुला सांगत होता, ते खरं होतं. मी आतून ऐकत होतो, पण बोलायला जीभ रेटली नाही.

त्या नोंदीवर मी रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार टाकली आहे. नुसत्या तक्रारीने स्कोअर घसरत नाही, हे पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली. निकाल लागेपर्यंत बँक फाइल अडवून ठेवील, ठेवू दे. चूक निघाली की स्कोअर चढेल आणि व्याजदर उतरेल. आज सही केलीत, तर चढ्या दराचे हप्ते भरत बसाल. त्याने क्रेडिट कार्डाचं बिल उशिरा भरल्याची नोंद मात्र खरी आहे. तिच्यावर तक्रार केली नाही. खऱ्याशी भांडून काही मिळत नाही.

ज्ञानकोशाचं कर्ज फिटल्याचा दाखला आणायला तेव्हाच्या बँकेत जातोय.

तो अजून बाहेर सोफ्यावरच झोपलाय. उठला की हे सगळं तूच सांग. माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकायची त्याला जास्त गरज आहे.

बाबा