फक्त दीड तास

३ मार्च
जावईबापूंचा फोन. डॉक्टरांनी लेकीला प्रवासाला मनाई केली आहे. बाळंतपण तिकडेच. बायकोचे डोळे लगेच भरले. तिला पुन्हा एकदा कॉम्प्युटरवर दाखवलं: आपलं विमानतळ ते त्यांचं विमानतळ, अकराशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास पस्तीस मिनिटं. स्थळ लांबचं म्हणून ही अडून बसली होती, तेव्हा याच आकड्यावर मी लग्न जमवलं. लेकीला शब्द दिला होता, हाक मार, दीड तासात दारात उभा. तिचा पटकन विश्वास बसला. माझ्यावर गेली आहे.

९ मार्च
बायकोचं टुमणं: आत्ताच बसने निघू. दोन रात्री हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस! व्याहीसुद्धा त्यांच्या गावाहून बसनेच जाणार म्हणे. विमानाला घाबरतात. मनसोक्त हसलो.

१४ मार्च
बायको गेली. उशी, डबा, गोधडी. तिला म्हटलं, तू दम खाईपर्यंत मी येतो की नाही बघ. तिने गोधडी काखेत मारली. पटलं असावं.
नवी बॅग घेतली. चाकांची.

१८ मार्च, सकाळी
लेकीला दवाखान्यात नेलं. फोनवर तीच होती. कण्हत विचारलं, बाबा, निघताय ना? म्हटलं, निघालोच. मग दाढी केली. वेळ भरपूर आहे.

त्याच दिवशी, दुपारी
विश्वासघात! या दोन गावांमध्ये विमानच नाही. कधी नव्हतंच. आधी मोठ्या शहरात जा, रात्र काढा, तिथून दुसरं विमान, पुढे टॅक्सी. विमानतळावर तिकिटांच्या खिडकीतल्या बाईंना मी आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, विमान गेलं तर तेवढाच वेळ लागेल. गेलं तर!
बायकोला फोन करून खडसावलं. ती शांतपणे म्हणाली, तिला ठाऊक होतं. लग्न ठरायच्या आधीच चौकशी केली होती, मला सांगितलंही होतं. अंधुक आठवतं. तेव्हा मी पाहुण्यांना आकडा दाखवत होतो. पण एकदाच सांगून गप्प बसायचं? आपलीच माणसं गळा कापतात.

१९ मार्च, मोठ्या शहराचं विमानतळ
रात्र खुर्चीत. बॅग भलत्याच गावाला गेली. पुढचं विमान लेट. कंपनीला कडक पत्र लिहिणार.
नात झाली. फोटो आला. व्याह्यांच्या मांडीवर आहे. दोघांच्याही तोंडात दात नाही.
मग लेकीचा फोन. मी सगळी कारणं तयार ठेवली होती. तिने एकही विचारलं नाही. म्हणाली, बाबा, सावकाश या. आता काही घाई नाही.
इथे एसी फार आहे. डोळ्यांतून सारखं पाणी येतंय. शेजारच्या गृहस्थांनाही तेच सांगितलं.