एडका चुडाव्यात नाही

पाथरी, ३ जून २०२४

चि. नागेश यास,
अनेक आशीर्वाद.

लिहिणं भाग पडलं, कारण काल मी चुडाव्याला गेले आणि तुझ्या मामाच्या कळपात आपला एडका नव्हता. मामाच्या मेंढ्यांसाठी तो महिनाभर दिलाय, असं तू येडबाला, स्वतःच्या बापाला, सांगितलंस. तुझी मामी सरजाबाई तर मलाच म्हणाली, कसला एडका, आमी वाटच बघायलोत! येत्या रविवारी येडबा तो आणायला निघणार आहे.

तू मोबाईलवर पत्त्यांचा जुगार खेळतोस, हे तुझ्या बहिणीनं, नीलमनं सांगितलं. त्याच मोबाईलवर तुला काही लिहावंसं मला वाटेना, म्हणून हे पोस्टानं. तेहतीस वर्षं गणित शिकवलंय. हरण्याचा हिशेब मला समजावू नकोस. खरं काय ते उलट टपाली लिही.

लोभ आहेच, तो गृहीत धरू नकोस.
तुझी आत्या, विजयमाला

परभणी, ६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एडका विकला, आत्या. आमच्या बियाणं कंपनीत रोज संध्याकाळी सहाला मोबाईलवर मीटिंग असते. टार्गेट हुकलं की नाव लाल अक्षरात, आणि साहेब सगळ्यांदेखत विचारतात, मेंढरंच का राखत नाहीस. मग रात्रीचा डबा उघडावासा वाटत नाही. तेव्हा डाव लावतो. जिंकलो की पडद्यावर फटाके उडतात, माझं नाव हिरवं होतं! दिवसभरात तेवढीच शाबासकी. तिच्यापायी आधी पगार गेला, मग एडका.

पण काल लागोपाठ चार डाव जिंकलो! हात लय चालायलाय. शनिवारपर्यंत एडका परत आणतोच. तोवर बाबांना सांगू नका.

माझ्यावरची माया आटू देऊ नये.
आपला, नागेश

पिंगळी, १० जून

सौ. सरजाबाईस,
स. न. वि. वि.

जमलं! नागेशचं पत्र शनिवारी आलं आणि मी तशीच जीप धरून परभणी गाठली. गडी खोलीत डाव मांडूनच बसलेला, आणि हरत होता. त्याला पिंगळीला, येडबाच्या घरी आणलं. वाटभर एकच घोकत होता, आत्या, बाबांना तुमीच सांगा. मी म्हटलं, तुझं तूच सांगायचं.

काल सकाळी येडबा तुमच्याकडे यायला पटका बांधत होता. नागेशनं तिथंच सगळं सांगून टाकलं, साहेबाच्या बोलण्यासकट. एडक्याचं येडबा नंतर बोलला, आणि चांगलं कडक बोलला. पण आधी विचारलं, मेंढरं राखणं ही शिवी कधीपासून झाली? मग पोराला दिवसभर कळपामागं धाडलं. सहा वाजता तो माळावर आणि मोबाईल माझ्या पिशवीत वाजतोय! मीच उचलला. साहेबांना म्हटलं, विक्रीचं काय ते दिवसा विचारा. आणि फोन ठेवला.

यंदा तुमच्या मेंढ्यांचा खोळंबा झाला, त्याचा राग माझ्यावर काढा. पण लोभ कायम ठेवा.
विजयमाला

ता. क. आज दिल्याघेतल्याची नोंद: नागेशकडून मला, मोबाईल एक, एटीएम कार्ड एक. माझ्याकडून नागेशला, बटणांचा फोन एक. त्यावर पत्तेही दिसत नाहीत आणि लाल नावंही. येडबाकडून नागेशला, स्वतःच्या हातातली काठी एक, दर रविवारसाठी.