अर्ध्या टोपड्याचा फोटो

५ जानेवारी, सोमवार
अपेक्षा रविवारी टोपडं न्यायला येणार. वच्छलाने आमच्या या लेकीच्या बाळासाठी विणायला घेतलं आणि अर्धं सुईवर ठेवून गेली. सहा महिने ते तसंच टेबलावर आहे. पोरीला ते आता स्वतः पुरं करायचंय. जरूर करावं. मी काही भावुक माणूस नाही. त्याआधी फक्त एक फोटो हवा, पुढच्या टाक्यापासून मागच्यापर्यंत सगळा शार्प.

६ जानेवारी
सदर बाजारातून कॅमेरा आणला. यात फोकस शिफ्ट आहे. बटण दाबलं की फोकस आपोआप जराजरा मागे सरकतो, तीस फोटो निघतात. कॉम्प्युटर ते जोडून एक करतो. अट एकच, मध्ये काही हलता कामा नये. सुटे फोटो बघायचीही गरज नाही. उद्या संपवतो.

७ जानेवारी
जोडलेल्या फोटोत टोपड्यावर धुरासारखं काहीतरी. पंख्यामुळे असेल. थंडीत पंखा बंद होता, पण असो.

८ जानेवारी
पुन्हा तेच. शिवाय दोन टाके सुईवरून घसरलेले. दार बंद, घरात मी एकटा. मी हातही लावला नाही, नुसता शेजारी बसलो होतो. शेजारच्या पुष्पलताबाई म्हणाल्या, बाईचा जीव अर्ध्या कामात अडकतो, दहीभात ठेवा. मी विज्ञान मानतो. दहीभात ठेवला, कारण उरला होता.

१० जानेवारी, दुपार
आणखी तीन टाके गेले. कॅमेरा चालू असताना विचारलंच, "वच्छला, तू हायेस का वं?" खटके वाजत राहिले. भीती वाटली नाही. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. चहा दोन कप टाकला.

११ जानेवारी, रविवार
अपेक्षा आली. धूर पाहून तिने सुटे फोटो एकेक उघडले. आधी नुसतं धूसर. फोकस मागे सरकत गेला तसं स्पष्ट झालं. टाक्यांवर फिरणारं बोट. त्यावर अडकित्त्याची जुनी खूण. माझं बोट. रोजच्या फोटोंत तेच. मी म्हटलं, मी तर हात लावलाच नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं.

तिने कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, "जाऊ द्या बाबा. आईनं जेथं सोडलं, तेथूनच विणीन मी."

टोपडं घेऊन गेली. भूत असतं तर बरं झालं असतं, घरात कोणीतरी राहिलं असतं.

संध्याकाळी रिकाम्या टेबलाचे तीस फोटो काढले. जोडलेला फोटो एकदम साफ आला. काहीच हललं नाही.