दर्शनाच्या हळदीत बेस गिटार

लालबाग,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आजोबांस,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

गिरणीतल्या सांच्यांच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, खडखडाटाने तुमचे कान नेले. फोनवर मी काहीही विचारलं तरी तुम्ही जेवलो म्हणूनच सांगता, म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की मी बेस गिटारवर आयर्लंडकडच्या नाचाच्या चाली शिकले. पाच! बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, मागे उभं राहून धुम-धुम करणारी. आपल्या चाळीच्या बेंजो पार्टीत दोन वर्षं मी तेच करतेय. पण या चाली इतक्या उड्या मारतात की मला राहवेना. आई म्हणते, मी वाजवायला बसले की मांडणीवरची पातेली थरथरतात. शेजारच्या सुनेत्राकाकू तर विचारून गेल्या, घरात पिठाची गिरणी घेतली का.

आता खरी गोष्ट. २९ तारखेला शिवडीला आपल्या नात्यातल्या दर्शनाची हळद आहे आणि पार्टी आपलीच. मी पार्टीच्या म्होरक्याला, शिवादादाला म्हटलं, एक चाल मला पुढे उभी राहून वाजवू दे. तो इतका हसला की चहा नाकात गेला. शेवटी म्हणाला, वाजव, पण माणसं खुर्चीतून उठली नाहीत तर जन्मभर मागे धुम-धुम, पुन्हा विषय काढायचा नाही. मी भरात हो म्हणून बसले. आजोबा, तुम्ही वीस वर्षं याच पार्टीत बेंजो वाजवलात. माणसं उठतात कशी, तेवढं सांगा.

तुमची, पातेली हलवणारी,
अनुजा


तळेरे,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. अनुजास कोंडीराम आजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी जेवलो.

ती पिशवी काखेत धरून वाजवतात, तसली चाल असेल तर मी शिवाजी पार्कच्या परेडला ऐकलीय. तेव्हा कान होते. त्या पिशवीत एक सूर सारखा चालू असतो आणि वर दुसरा नाचतो. तू तसंच कर. जाड तार मोकळी वाजत ठेव आणि चाल बारक्या तारेवर, वरच्या पट्टीत घे. खाली घेतलीस तर फक्त पातेल्यांनाच कळेल.

चाल सहा मात्रांची असेल तर गौतमला ढोलकीवर दादरा धरू दे. आधी नुसती ढोलकी. पायांची ओळख झाली की मग चाल. आणि ही परदेशातली आहे असं माइकवर सांगू नकोस. आपली माणसं पाहुणा दिसला की सावरून बसतात.

शिवाला भिऊ नकोस. त्याला बेंजो मी शिकवला. पहिल्या कार्यक्रमाला तो मांडवामागे ओकला होता. हे त्याला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

गुडघे नको म्हणतात म्हणून येत नाही. सगळं कळव, काही गाळू नकोस.

इथे बसून ठेका धरणारा,
तुझा आजोबा


लालबाग,
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

उठली! माणसं उठली! आता नीट सांगते.

गौतमने दादरा धरला, मी चाल सुरू केली आणि कुणी हलेना. पुढची अख्खी रांग हाताची घडी घालून बसलेली. शिवादादा बेंजो मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. मला रडू फुटणार होतं, खोटं कशाला सांगू. म्हणून डोळे मिटले आणि वाजवत राहिले.

मग एक खुर्ची सरकली. मग आणखी दोन. डोळे उघडून बघते तर दर्शनाची रखमाआत्या हळदीची वाटी हातात घेऊन तशीच गिरक्या घेतेय! तिच्यामागे पिवळ्या तोंडाची दर्शना, तिच्यामागे सगळा मांडव. मी चाल किती वेळा फिरवली, देव जाणे. मला वेड लागलं होतं.

जरा वेळाने जाणवलं, पायाखालची फळी थरथरत नाहीये. माझा आवाजच गेला होता! दीपिकाकाकूंना मटणाचं वाटण करायचं होतं, मिक्सरला जागा नव्हती, त्यांनी माझ्या स्पीकरचा प्लग उपटला. कधी, कुणास ठाऊक.

पण आजोबा, चाल चालूच होती. बायका तोंडाने ला-ला-ला करत होत्या. आणि शिवादादा घामाघूम होऊन, दोन सूर चुकवत, बेंजोवर माझी चाल वाजवत होता. मला बघून ओरडला, थांबलीस का, पुढे काय येतं ते सांग.

मी त्याला पुढची ओळ गाऊन दाखवली, गिटार खुर्चीवर ठेवली आणि नाचायला घुसले.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वर थोडा आणखी घाला.

तुमची,
अनुजा