गाठीबद्दल देवाचं मत

४ नोव्हेंबर, सोमवार
मी कामावरून आले तशी आईने मला बाथरूममध्ये बोलावलं. आतून कडी लावली, नळ सोडला आणि गळ्यातला स्कार्फ काढला. कानाखाली, मानेच्या डाव्या बाजूला गाठ. वाटाण्याएवढी. दुखत नाही म्हणाली. पप्पांना कळता कामा नये, त्यांचं बीपी. वहिनीलाही नको, ती लगेच दादाला फोन करेल आणि तो परगावचं काम सोडून धावत येईल. डॉक्टरकडे जाऊ की आपोआप बसेल ते तूच सांग, म्हणाली, तुझ्याइतकं समजूतदार या घरात कोण आहे.
हे शेवटचं ऐकून मला बरं वाटलं. गाठ समोर दिसत असताना. लगेच क्षमा मागितली.
ठरवलं: मनाने उत्तर द्यायचं नाही. देवाकडे ज्ञान मागायचं. रविवारपर्यंत निर्णय. एकदम शांत वाटतंय. जेवण गेलं नाही, पण तो उपास धरता येईल.

५ नोव्हेंबर, मंगळवार
पहाटे उठून प्रार्थना. झोप येत होती म्हणून आधी झोप न येण्यासाठी प्रार्थना केली. त्यातच वेळ संपला. उद्यापासून प्रार्थना उभ्याने.
आज सारखी टेबलाची शाळा आठवते. दादा आणि मी चौथीपर्यंत घरीच शिकलो, जेवणाच्या टेबलावर, पप्पांकडे. घाईने दिलेल्या बरोबर उत्तराला शून्य मिळायचं. दादाला कायम शून्य. मी डोळे मिटून थांबायचे, मग हात वर करायचे. मला पूर्ण मार्क. उत्तर चुकलं तरी अर्धे.
या परीक्षेची तयारी माझी तेव्हापासून चालू आहे म्हणायची.

७ नोव्हेंबर, गुरुवार
चष्म्याच्या दुकानात कामावर मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. आधीची काच स्पष्ट की आत्ताची, असं विचारलं. ते म्हणाले, दोन्ही सारख्याच. पुन्हा विचारलं. सारख्याच. त्यांचं म्हणणं मला फार पटलं. मालक आत येऊन म्हणाले, बाहेर चार गिऱ्हाइकं ताटकळलीत, तुम्ही चष्मा देताय की दृष्टांत. मी मनावर घेतलं नाही. मालकांचा स्वभाव घाईचा.

१० नोव्हेंबर, रविवार
चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांचा सल्ला घेतला. गुपित न फोडता. म्हटलं, समजा एका व्यक्तीने एका व्यक्तीवर एक मोठा निर्णय सोपवला, हो किंवा नाही, तर देवाची इच्छा कशी ओळखायची. ते हसले. म्हणाले, मुलगा आपल्याच मंडळीतला आहे का.
मी गप्प राहिले. लग्नाचं नाही म्हटलं असतं तर मग कशाचं, हे सांगावं लागलं असतं. गेटपर्यंत पोचेतो पाळकबाईंनी हात धरून विचारलं, नोकरी कुठे आहे त्याची. गायनमंडळातल्या एक काकू म्हणाल्या, उंची बघून घे बाई, बाकी सगळं जमवता येतं.
गप्प राहणं हे खोटं बोलणं होतं का? संध्याकाळ यावर गेली. आधी याचा निकाल लागल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला हात घालणं बरोबर नाही. निर्णय पुढच्या रविवारी.

१३ नोव्हेंबर, बुधवार
वहिनीने विचारलं, आई घरातही स्कार्फ का गुंडाळतात, घसा धरलाय का. मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. खोटंही नाही, वचनभंगही नाही. समाधान वाटलं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.
वहिनीला दोष द्यायचा नाही, पण तिची प्रार्थना मी ऐकली आहे. स्कूटरला किक मारताना म्हणते, प्रभू, बघ रे बाबा. संपली. माणूस एवढ्यावर कसा जगतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पवित्र शास्त्रात एका भल्या माणसाने लोकर बाहेर ठेवून देवाकडे खूण मागितली होती. मीही लोकरीची टोपी बाल्कनीत ठेवली आहे. सकाळी ओली असेल तर डॉक्टर. कोरडी असेल तर थांबायचं. आता माझ्या हातात काही नाही. फार हलकं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
टोपी बाल्कनीत नव्हती. वहिनीने मळकी दिसली म्हणून वॉशिंग मशीनमध्ये टाकली.
टोपी ओली आहे. चिंब. पण ही ओल देवाची की मशीनची? मशीन वहिनीने लावलं, पण वहिनीला बुद्धी कुणी दिली? डोकं दुखायला लागलं. खूण रद्द धरली.

१७ नोव्हेंबर, रविवार
पाळकसाहेबांनी तरुणांच्या सभेत बोलायला सांगितलं. शनिवारी. विषय ‘ज्ञान कसे शोधावे’. मंडळीत इतके जण असताना मलाच. याला खूण म्हणायचं नाही तर कशाला. तयारी करताना उत्तर मिळणार हे उघड आहे. तेव्हा निर्णय शनिवारी, भाषणानंतर.
भांडी घासताना आईने विचारलं, काही कळलं का गं. मी म्हटलं, जवळपास. ती म्हणाली, बरं, तुझं होऊ दे सावकाश. तिच्या या धीराचा भाषणात उल्लेख करणार, नाव न घेता.

२० नोव्हेंबर, बुधवार
आईने पुन्हा दाखवली. मोठी वाटली. द्राक्षाएवढी. पण भीतीने कुठलीही गोष्ट मोठी दिसते, आणि भीती कुठली व ज्ञान कुठलं हे ओळखणं हीच तर पहिली पायरी. मुद्दा चांगला आहे, भाषणात घेतला.
उभ्याने प्रार्थनेला सुरुवात केली. ‘नको’ एवढाच शब्द येत होता. नको, नको, नको. काय नको ते देवाला सांगितलं नाही. खाली बसले. उठवेना.
उद्यापासून पुन्हा नीट.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
भाषण उत्तम झालं. पाळकसाहेब म्हणाले, या वयात इतकी परिपक्वता. एका मुलीचे डोळे भरून आले. आई येते म्हणाली होती, दिसली नाही. आता घरी जाऊन तिला उत्तर द्यायचं. उत्तर नक्की काय ते रस्त्यात ठरेल.

तोच दिवस, संध्याकाळ
घरी पप्पा एकटे. बूट घालून खुर्चीत बसलेले. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, मला नेलं नाही.
वहिनी आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. सभेला यायला म्हणून आई आरशासमोर स्कार्फ बदलत होती, वहिनीने मागून पाहिलं, हात लावला आणि म्हणाली, चप्पल घाला. आई म्हणे सांगत होती की लेकीची सभा आहे, तिला विचारू. वहिनी म्हणाली, तिला सभा करू दे.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे. आई म्हणाली, झाले काही आठवडे. इतके दिवस कुणाला दाखवली नाहीत? आई म्हणाली, मुलीला दाखवलीय, ती बघतेय. डॉक्टर म्हणाले, मुलगी डॉक्टर आहे का.
हे वहिनीने मला चप्पल काढता काढता सांगितलं. सांगताना आधी हसली. मग हसली नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
उपासनेला गेले नाही. गाठीत सुई घालून तपासायला नमुना काढलाय. रिपोर्ट गुरुवारी. गाठ आधी दाखवली असती तर बरं होतं, असं डॉक्टरांनी आईला म्हटलं. आईने ते मला सांगितलं नाही, वहिनीनेही नाही. पप्पांनी सांगितलं. मग विचारलं, तुला कधी कळलं. तारीख सांगितली. ते बराच वेळ टेबलावरून हात फिरवत बसले. प्रार्थना केली होतीस का, असं विचारतील वाटलं. विचारलं नाही.
वहिनीला म्हटलं, काय करायचं ते तुला इतक्या पटकन कसं कळलं. ती म्हणाली, कळलं कुठे, घाबरले गं, पायच थांबेनात.
घाबरले तर मीही होते. मी बसून राहिले.
देवाकडे मागितलं ते त्याने दिलं नाही असं म्हणता येत नाही. दुसऱ्या खोलीत दिलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
आईने विचारलं, गुरुवारी रिपोर्ट आणायला माझ्याबरोबर येशील का. मला जायचं आहे. हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, प्रार्थना करून सांगते.
आई बरं म्हणाली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग आत जाऊन वहिनीला गुरुवारची सुट्टी टाकायला सांगितलं.