दुसऱ्या दिवसाचं रक्त

आई, मला परवापासून ताप आहे. मरोळच्या ज्या लॅबमध्ये मी दिवसभर डेंग्यूच्या तपासण्या करते, तिथे माझं स्वतःचं रक्त मात्र काल संध्याकाळपर्यंत मी कुणाला काढू दिलं नव्हतं.

तुझंही तापाच्या दुसऱ्या दिवशीच काढलं होतं. मी तेव्हा शाळकरी होते. तपासणी अँटिबॉडीची होती. विषाणूशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं, त्याला चार-पाच दिवस लागतात; त्याआधी शोधल्या तर बहुधा सापडत नाहीत. आजार असतो, पुरावा नसतो. घाटकोपरच्या आपल्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'निगेटिव्ह' एवढंच वाचून बाबांनी गावच्या देवाला बोललेला नारळ फोडला. दोन दिवसांनी ताप उतरतो, आणि तू उठून त्याच नारळाची सोलकढी करायला घेतेस. एक हात ओट्यावर टेकलेला. पोटात दुखतंय का, मी विचारते. "गॅस झालाय गो, काय नाय." बाबा हसतात, "रिपोर्ट चांगला आलाय, आता नाटकं पुरे." डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं. आपण नेमकं तेव्हाच सोडलं. तुला हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता.

काल लॅबमधली मैत्रीण सिरिंज घेऊनच समोर आली. "हात दे गं. अख्ख्या अंधेरीचं रक्त बघतेस, तुझंच काय सोन्याचं आहे?"

"अँटिबॉडी आज निगेटिव्हच येणार."

"म्हणून तर अँटिजनची करतेय, थेट विषाणूची. मला शिकवू नकोस."

मी हात दिला. ही तपासणी पहिल्या दिवसांतच आजार पकडते, हे मला माहीत आहे. पण तीही निगेटिव्ह आली असती, तर मी तो शब्द मानला असता का, हे माहीत नव्हतं.

पॉझिटिव्ह आली. बाबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. म्हणाले, "ताप उतरला तरी तू उठायचं नाहीस." आता सारखे येऊन पोट दुखतंय का विचारतात, पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत हलत नाहीत. त्यांच्याकडे बघवत नाही.

पॉझिटिव्ह वाचून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे त्यांना कसं सांगू? तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच तुला लिहिलं.